एका अव्यक्ताची मांडणी

गणिताच्या शिक्षणात एक विलक्षण गोष्ट वर्षानुवर्षे आढळून येते. ‘५ क्ष वजा ३ बरोबर ४७’ असे समीकरण फळ्यावर लिहून दिले, तर सामान्य बुद्धीचा विद्यार्थीही ते दोन मिनिटांत सोडवितो आणि क्षची किंमत १० आहे असे सांगतो. परंतु तेच समीकरण एखाद्या व्यापाऱ्याच्या, प्रवाशाच्या किंवा पिता-पुत्रांच्या वयाच्या हकिकतीत गुंफून त्याच्यापुढे ठेवले, की त्याची लेखणी थबकते. बेरीज-वजाबाकी त्याला येते, पक्षांतर येते, भागाकारही येतो. मग अडते कोठे? ते अडते समीकरण सोडविण्याच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे समीकरण मांडण्यावर. शाब्दिक उदाहरणांची जी धास्ती अनेकांच्या मनात शाळा सुटल्यावरही कायम राहते, तिचे मूळ या एका पायरीत आहे. ही पायरी नीट समजावून न दिल्यामुळे ‘गणित आपल्यासाठी नाही’ असा निर्णय कितीतरी मुले स्वतःविषयी करून टाकतात, आणि हा निर्णय पुढे सहसा बदलत नाही. म्हणून या पायरीचा स्वतंत्रपणे विचार करणे अगत्याचे आहे.

समीकरणाची मांडणी म्हणजे वस्तुतः एक भाषांतर होय. बोलीतील वाक्ये संख्यांच्या भाषेत आणावयाची. या भाषांतराचा प्रारंभ एका कबुलीने होतो. ‘समजा, ही संख्या क्ष आहे’, असे म्हणणारा मनुष्य ती संख्या आपल्याला ठाऊक नाही हे मान्य करतो. परंतु तेथेच न थांबता त्या अज्ञाताला नाव देतो आणि ते जणू ज्ञातच आहे असे समजून त्याच्याशी व्यवहार सुरू करतो. ही युक्ती आज सोपी भासते. ती साधण्यास मानवाला फार काळ लागला.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला ऱ्हिंड पपायरस इ. स. पू. १५५० च्या सुमारास आहमेस नावाच्या इजिप्शियन लेखकाने नकलून काढला. त्यात एक प्रश्न असा आहे : एका राशीत तिचाच सातवा भाग मिळविला असता १९ होतात, ती राशी कोणती? इजिप्शियन गणिती अज्ञात राशीला ‘ढीग’ अशा अर्थाचा शब्द वापरीत. परंतु त्या शब्दावर ते गणिताच्या क्रिया करीत नसत. ते सरळ एक सोयीची संख्या धरून चालत. येथे ७ धरले. सातात त्याचा सातवा भाग मिळविला की ८ होतात. पाहिजेत १९. म्हणून १९ ला ८ ने भागून ७ ने गुणावयाचे. उत्तर १६ पूर्णांक ५ अष्टमांश. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त हीच रीत ‘इष्टकर्म’ या नावाने आली आहे. रीत सुंदर आहे, पण तिची मर्यादा उघड आहे. राशी दुप्पट केली असता फळही दुप्पट व्हावे, अशी स्थिती असेल तेथेच ती उपयोगी पडते. हकिकतीत स्वतंत्र अशी एखादी रक्कम शिरली, म्हणजे ती जशीच्या तशी लागू पडत नाही. खोटी संख्या धरून मागाहून सुधारण्याऐवजी, न कळलेल्या संख्येलाच खूण देऊन तिच्यावर क्रिया करणे, ही पुढची आणि फार मोठी पायरी होती.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियातील डायोफँटस याने अज्ञात राशीसाठी एक चिन्ह वापरले. भारतात अशा राशीला ‘अव्यक्त’ म्हणत आणि तिचे नाव ‘यावत्-तावत्’ असे होते. ‘जेवढे असेल तेवढे’ हा त्याचा भाव. लिहिताना नुसते आद्याक्षर ‘या’ लिहीत, आणि ज्ञात संख्येच्या मागे रूप या शब्दातील ‘रू’. एकाहून अधिक अव्यक्ते आली तर त्यांना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे देत. म्हणूनच त्यांना ‘वर्ण’ ही संज्ञा प्राप्त झाली. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धांतशिरोमणि’ पूर्ण केला. त्यातील ‘बीजगणित’ या भागात एका अव्यक्ताच्या मांडणीसाठी ‘एकवर्णसमीकरण’ हे स्वतंत्र प्रकरणच आहे. युरोपात व्हिएतने १५९१ साली अज्ञातांसाठी स्वर योजिले, आणि देकार्तने १६३७ साली वर्णमालेतील शेवटची अक्षरे रूढ केली. मराठी शाळेतील क्ष हा त्या परंपरेतील अक्षराचा पाहुणा असला, तरी त्याचे काम ‘या’नेच पूर्वी केलेले आहे.

भास्कराचार्यांच्या त्या प्रकरणातील एक उदाहरण या विषयाची गुरुकिल्ली ठरावे असे आहे. एका गृहस्थापाशी ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्यापाशी त्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याला १०० रुपयांचे ऋण आहे. दोघांची संपत्ती समान आहे. तर एका घोड्याची किंमत किती? येथे एका घोड्याची किंमत ‘या’ मानली, की पहिल्याची संपत्ती ‘या ६ रू ३००’, आणि दुसऱ्याची ‘या १० रू १००’. मात्र या १०० वर एक बिंदू द्यावयाचा, कारण ते ऋण आहे. दोन्ही पक्ष एकाखाली एक लिहून त्यांचे समशोधन केले, म्हणजे सारखे ते सारख्यातून वजा केले, की ४ घोड्यांची किंमत ४०० उरते. घोड्याची किंमत १०० रुपये.

परंतु भास्कराचार्य येथे थांबत नाहीत. तेच दोन गृहस्थ, तेच घोडे आणि तेच ऋण कायम ठेवून ते विचारतात : पहिल्याच्या संपत्तीच्या निम्म्यात २ मिळविले असता दुसऱ्याची संपत्ती होत असेल तर? किंवा पहिला दुसऱ्याच्या तिप्पट श्रीमंत असेल तर? आता किंमत अनुक्रमे ३६ आणि २५ येते. या तीन प्रश्नांकडे लक्षपूर्वक पाहिले, तर मांडणीचे रहस्य उघड होते. तिन्हींत दोघांच्या संपत्तीचे वर्णन एकच आहे : ६ क्ष अधिक ३००, आणि १० क्ष वजा १००. बदलते ते फक्त शेवटचे वाक्य, म्हणजे त्या दोन राशींचा परस्परसंबंध सांगणारे वाक्य. याचा अर्थ असा की, उदाहरणातील सर्व वाक्ये एकाच जातीची नसतात. काही वाक्ये राशींना नावे देतात. एखादे वाक्य तराजू धरते. जो विद्यार्थी हा भेद ओळखतो, त्याची निम्मी अडचण नाहीशी होते.

ही गोष्ट डायोफँटसच्या ग्रंथातील पहिल्याच प्रश्नावरून अधिक स्पष्ट होईल. १०० चे दोन भाग असे करा, की त्यांतील अंतर ४० असावे. येथे अज्ञात राशी दोन आहेत : लहान भाग आणि मोठा भाग. पण डायोफँटसपाशी अज्ञातासाठी चिन्ह एकच होते. त्यामुळे दुसऱ्या राशीचे वर्णन पहिलीच्याच शब्दांत करणे त्याला भाग होते. लहान भाग क्ष मानला, तर मोठा भाग क्ष अधिक ४०. हे नाव कोणत्या वाक्याने दिले? ‘अंतर ४० आहे’ या वाक्याने. ते वाक्य तेथे खर्ची पडले. आता दुसरे वाक्य शिल्लक आहे : ‘दोन्ही मिळून १००’. ते तराजू धरील. २ क्ष अधिक ४० बरोबर १००; म्हणून क्ष ३०, आणि दुसरा भाग ७०. हेच उलट क्रमानेही करता येते. ‘दोन्ही मिळून १००’ या वाक्याने दुसऱ्या भागाला १०० वजा क्ष हे नाव द्यावे आणि ‘अंतर ४०’ या वाक्याने समीकरण मांडावे. उत्तर तेच येईल.

परंतु एकच वाक्य दोन्ही कामांना जुंपले तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. पुष्कळ विद्यार्थी दुसऱ्या भागाला १०० वजा क्ष असे नाव देतात आणि मग ‘दोन्ही मिळून १००’ म्हणून त्याच वाक्याचे समीकरण मांडतात : क्ष अधिक १०० वजा क्ष बरोबर १००. क्ष उडून जातो आणि १०० बरोबर १०० एवढेच हाती राहते. विद्यार्थ्याला वाटते, आपण सोडविताना चुकलो. म्हणून तो पुन्हा पुन्हा तेच करून पाहतो. वास्तविक त्याच्या क्रियेत चूक नसते. समीकरण खरे आहे, पण ते काही सांगत नाही. कारण जे आधीच सांगून झाले होते तेच त्याने पुन्हा सांगितले. एक वाक्य नाव देण्यासाठी आणि दुसरे तोलण्यासाठी, हा नियम शिक्षकाने वर्गात शंभरदा सांगितला तरी तो अधिक होणार नाही.

नाव देण्याच्या कामात आणखी एक धोका आहे. क्ष ही नेहमी संख्या असते, वस्तू कधीच नसते. भास्कराचार्यांच्या उदाहरणात ‘या’ म्हणजे घोडा नव्हे. एका घोड्याची किंमत होय. हा भेद बारीक वाटतो, पण त्याने सुशिक्षितांनाही फसविले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमंट आणि त्यांचे सहकारी यांनी अभियांत्रिकीच्या नवागत विद्यार्थ्यांची एक परीक्षा घेतली आणि तिची माहिती १९८१ साली प्रसिद्ध केली. ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, हे समीकरणाने लिहा’, एवढाच प्रश्न होता. एकतृतीयांशाहून अधिक जणांचे उत्तर चुकले, आणि त्यांतील बहुतेकांनी विद्यार्थ्यांच्या संख्येलाच ६ ने गुणले होते. त्यांच्या मनात ते अक्षर ‘विद्यार्थी’ या शब्दाची नुसती चिठ्ठी झाले होते. ‘सहा विद्यार्थी पाठीमागे एक प्राध्यापक’ असे चित्र त्यांनी जसेच्या तसे कागदावर उतरविले. यावर उपाय साधा आहे. प्राध्यापकांची संख्या क्ष आहे, असे पूर्ण वाक्य लिहावे. मग विद्यार्थ्यांची संख्या ६ क्ष आहे, याविषयी संशय उरत नाही.

नाण्यांच्या उदाहरणांत हाच घोटाळा निराळ्या रूपाने होतो. एका डब्यात २ रुपयांची आणि ५ रुपयांची मिळून ३० नाणी आहेत आणि एकूण रक्कम ९९ रुपये आहे. येथे ‘क्ष म्हणजे पाचाची नाणी’ असे अर्धवट लिहिणारा विद्यार्थी पुढे गोंधळतो. कारण तो क्ष कधी नाण्यांची संख्या म्हणून वापरतो, तर कधी त्यांची रक्कम म्हणून. ‘पाचाच्या नाण्यांची संख्या क्ष’ असे लिहिले, की दोनाच्या नाण्यांची संख्या ३० वजा क्ष. पहिल्यांची रक्कम ५ क्ष, दुसऱ्यांची ६० वजा २ क्ष. दोन्ही मिळून ९९. म्हणून क्ष १३. पाचाची १३ नाणी आणि दोनाची १७. येथेही ‘३० नाणी’ या वाक्याने नाव दिले आणि ‘९९ रुपये’ या वाक्याने तोलले, हे श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल.

भाषांतरात मूळ भाषेचे मोडणे ठाऊक असावे लागते. मग ती भाषा मराठी का असेना. ‘रामापेक्षा शाम ५ वर्षांनी मोठा आहे’, या वाक्यात राम प्रथम येतो. म्हणून मूल रामाच्या वयात आधी ५ मिळविते आणि ते वय रामाचेच मानते. पण ‘पेक्षा’ हा शब्द ज्याला चिकटतो तो मोजण्याचा पाया असतो, मोजलेली राशी नव्हे. ज्याला ‘पेक्षा’ किंवा ‘च्या पट’ लागले आहे त्याला क्ष मानावे, म्हणजे दुसऱ्याचे नाव आपोआप सरळ येते. ‘१० मधून क्ष वजा केला’ आणि ‘क्ष मधून १० वजा केले’ यांतील भेदही केवळ एका प्रत्ययाच्या जागेवर अवलंबून आहे. गणिताच्या तासाला भाषेचे काय काम, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. शाब्दिक उदाहरणात अडलेला विद्यार्थी पुष्कळदा गणितात अडलेला नसून वाचनात अडलेला असतो.

वयाच्या उदाहरणांत व्याकरणाबरोबर काळाचेही भान ठेवावे लागते. वडिलांचे वय आज मुलाच्या वयाच्या चौपट आहे. २० वर्षांनी ते दुप्पट होईल. मुलाचे आजचे वय क्ष मानले, तर वडिलांचे ४ क्ष. येथे ‘आज’ हा शब्द अत्यावश्यक आहे. तो गाळला, की विद्यार्थी वडिलांच्या वयात २० मिळवून मुलाला तेथेच ठेवतो. वस्तुतः काळ दोघांवरूनही सारखाच जातो. २० वर्षांनी वडील ४ क्ष अधिक २०, आणि मुलगा क्ष अधिक २०. पहिली राशी दुसरीच्या दुप्पट. म्हणून ४ क्ष अधिक २० बरोबर २ क्ष अधिक ४०. क्ष १०. मुलगा १० वर्षांचा, वडील ४०. आणि २० वर्षांनी ३० व ६०.

आता प्रश्न उरतो तो क्ष कोणाला मानावयाचे, हा. ‘जे विचारले असेल ते क्ष’, असा एक नियम शाळेत सांगतात. नवशिक्याला तो बरा आहे. पण तो अटळ नाही. समजा, एक प्रवासी पायथ्याच्या गावाहून घाटमाथ्यावरील देवळापर्यंत ताशी ४ किलोमीटर वेगाने चढतो आणि त्याच वाटेने ताशी ६ किलोमीटर वेगाने उतरतो; चालण्यात एकूण ५ तास जातात. देऊळ किती दूर आहे? अंतर क्ष मानले, तर क्षचा चौथा भाग आणि सहावा भाग मिळून ५, असे अपूर्णांकांचे समीकरण येते. परंतु चढण्यास लागलेले तास क्ष मानले, तर उतरण्याचे तास ५ वजा क्ष. आणि चढताना व उतरताना अंतर एकच असल्यामुळे ४ क्ष बरोबर ३० वजा ६ क्ष. क्ष ३ तास. अंतर १२ किलोमीटर. विचारलेली राशी शेवटी एका गुणाकाराने मिळाली. जो येथे मांडणी न करता ‘सरासरी वेग ५, म्हणून ५ तासांत जाऊन-येऊन २५ किलोमीटर’ असे घाईने म्हणेल, त्याचे उत्तर चुकेल. कारण प्रवासी मंद वेगाने अधिक वेळ चालला आहे. जाऊन-येऊन अंतर २४ किलोमीटरच आहे.

अव्यक्ताची निवड किती चतुर असू शकते, हे जुन्या आचार्यांपासून शिकावे. दोन संख्यांची बेरीज २० आणि गुणाकार ९६. त्या संख्या कोणत्या? डायोफँटस यांतील कोणत्याही संख्येला आपले अज्ञात मानीत नाही. बेरजेचे निम्मे १०. एक संख्या १० पेक्षा जेवढी अधिक, तेवढीच दुसरी उणी असली पाहिजे. ते ‘तेवढे’ म्हणजे क्ष. मग संख्या १० अधिक क्ष आणि १० वजा क्ष. त्यांचा गुणाकार १०० वजा क्षचा वर्ग. तो ९६ आहे. म्हणून क्ष २, आणि संख्या १२ व ८. भास्कराचार्यांच्या भ्रमरांच्या प्रश्नात हाच विवेक दिसतो. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ एवढे भुंगे मालतीकडे गेले, सर्व थव्याचे आठ-नवमांश आणखी गेले, आणि उरले एक जोडपे. थवा नुसता क्ष मानला तर वर्गमूळ मानगुटीस बसते. आचार्य थवा दोन ‘यावत्-तावत्’-वर्ग मानतात. त्याचे निम्मे म्हणजे एक वर्ग, आणि त्याचे मूळ म्हणजे नुसता ‘या’. अडचण नावातच विरघळून गेली. ‘या’ ६ येतो, भुंगे ७२. बुद्धी हेच खरे बीज आहे, असे याच ग्रंथात आचार्यांनी सांगितले आहे, त्याचे हे प्रत्यक्ष प्रमाण होय. नियम पाठ करून ही निवड साधत नाही. प्रश्नातील राशींचे नाते पाहूनच ती सुचते.

उत्तर हाती आल्यावर ताळा पाहावयाचा असतो. हा ताळा समीकरणात पाहिला तर अर्धाच होतो. कारण मांडणीच चुकली असेल तर चुकीचे समीकरणही आपल्या उत्तराची ग्वाही देईल. ताळा मूळ हकिकतीत पाहिला पाहिजे. याचेही उदाहरण भास्कराचार्यांपाशी आहे. वानरांच्या कळपाचा पाचवा भाग घेऊन त्यातून ३ वजा केले आणि उरलेल्याचा वर्ग केला. तेवढे वानर गुहेत शिरले, आणि एक फांदीवर दिसला. समीकरण दोन उत्तरे देते, ५० आणि ५. पन्नासांचा पाचवा भाग १०. तीन वजा जाता ७. सातांचा वर्ग ४९, आणि फांदीवरचा एक. पाचांचा पाचवा भाग १. त्यातून ३ वजा केले तर ऋण २ राहतात. त्यांचा वर्ग ४, आणि फांदीवरचा एक. हिशेब दोन्हीकडे जुळतो. तरीही आचार्य दुसरे उत्तर स्वीकारीत नाहीत. वानरांची संख्या ऋण होते असे मानणे लोकांना पटणारे नाही, असे ते कारण देतात. आणखी एका वानरांच्या प्रश्नात मात्र, जेथे कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग आणि १२ मिळून सर्व कळप होतो, तेथे १६ आणि ४८ ही दोन्ही उत्तरे ते मान्य करतात; कारण तेथे दोन्ही हकिकतीला धरून आहेत. समीकरण उत्तर सुचविते. ते ग्राह्य आहे की नाही याचा निवाडा मूळ वाक्यांनी करावयाचा असतो.

या विद्येचा जन्म केवळ बुद्धीच्या करमणुकीसाठी झालेला नाही. बगदादमध्ये ८२० च्या सुमारास अल्-ख्वारिझ्मी याने जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातील ‘अल्-जब्र’ या शब्दावरून युरोपीय भाषांत या शास्त्राला नाव मिळाले. त्याने अज्ञाताला ‘वस्तू’ अशा अर्थाचा शब्द वापरला आणि सर्व काही शब्दांतच लिहिले. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्रे यांनी व्यापलेला आहे : पतीचा वाटा किती, मुलाचा किती, मुलींचा किती, आणि परक्याला दिलेल्या देणगीनंतर प्रत्येकाच्या पदरात काय पडते. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ज्या ‘धन’ आणि ‘ऋण’ या संज्ञांनी राशींचे नियम सांगितले, त्या तर सरळ सावकाराच्या वहीतून उचललेल्या आहेत. दोन पक्ष समान आहेत असे म्हणणे, म्हणजे दोघांपैकी कोणावरही अन्याय झालेला नाही असे म्हणणे, हा अर्थ समीकरणाच्या मुळाशी आहे. कर्जाचा हप्ता, भागीदारीतील नफा, जमिनीची वाटणी, यांपैकी कोणत्याही व्यवहारात ज्याला मांडणी करता येत नाही त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. दुसऱ्याने मांडलेल्या आकड्यांखाली सही करणे एवढेच त्याच्या हाती राहते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर या विद्येचे एक पीठ चाळीसगावजवळच्या पाटण येथे होते. तेथील १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून तेथे मठ स्थापन केल्याचे आणि त्यासाठी मिळालेल्या दानांचे वर्णन त्यात आहे. पुढे ‘लीलावती’ १५८७ साली फैजीच्या हस्ते फारसीत गेली, आणि १८१७ साली कोलब्रुकने ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ ही दोन्ही इंग्रजीत नेली. ज्या शास्त्राच्या अध्ययनासाठी आठशे वर्षांपूर्वी मठ बांधले गेले, ते आज प्रत्येक शाळेतील प्रत्येक मुलामुलीपुढे उघडे आहे, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

परंतु पुस्तक उघडे असणे आणि विद्या हाती येणे यांत अंतर आहे. शाब्दिक उदाहरणांचे ‘वयाचे’, ‘नाण्यांचे’, ‘वेगाचे’, ‘कामाचे’ असे प्रकार पाडून प्रत्येकाची एकेक ठरावीक रीत पाठ करून घेण्याची प्रथा पडली आहे. परीक्षेत तिचा तात्पुरता उपयोग होतो. पण प्रश्नाचा साचा किंचित बदलला, की पाठ केलेली रीत निकामी होते आणि विद्यार्थ्याची धास्ती दुणावते. त्यापेक्षा शिक्षकाने आठवड्यातून एखादा तास असा द्यावा, की ज्यात एकही समीकरण सोडवावयाचे नाही, फक्त मांडावयाचे. मुलांनी उदाहरण मोठ्याने वाचावे. त्यात कोणकोणत्या राशी आहेत ते सांगावे. कोणत्या राशीला क्ष मानले ते, परिमाणासह, पूर्ण वाक्यात लिहावे. कोणत्या वाक्याने इतर राशींना नावे दिली आणि कोणते वाक्य तोलण्यासाठी राखून ठेवले, तेही सांगावे. दोघांनी दोन निरनिराळ्या राशींना क्ष मानले तर ती दोन्ही समीकरणे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत, आणि कोणते सोपे व का, याची चर्चा व्हावी. घरी वडीलधाऱ्यांनाही हे करता येण्याजोगे आहे. त्यासाठी उच्च गणित यावे लागत नाही, वाक्य लक्षपूर्वक ऐकावे लागते.

न कळलेल्या गोष्टीपुढे मनुष्य बहुधा दोन रीतींनी वागतो : तो ती कळली असे भासवितो, अथवा तिच्यापुढे हात टेकतो. बीजगणित तिसरी रीत शिकविते. ठाऊक नाही हे स्पष्ट म्हणावे, त्या अज्ञाताला नाव द्यावे, त्याच्याविषयी जे जे खरे आहे ते क्रमाने लिहावे, आणि एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगता येईपर्यंत धीर धरावा. तेवढे झाले, की पुढील काम बेरीज-वजाबाकीचे असते, आणि ते तर त्या थबकलेल्या विद्यार्थ्याला पूर्वीपासूनच येत असते.